उंटाच्या नावावर हजार रुपये

वसंतरावांनी गाडीचं दार आतून ओढून घेतलं, कडी सरकवली, काच चार बोटं खाली केली आणि त्या फटीतून माथुरसाहेबांना सांगितलं,

"मैं नहीं उतरता. आप नीलाम शुरू करो. मेरे को भी साथ में बेच दो. देखते हैं कौन बोली लगाता है."

चाळीस वर्षं जयपुरात काढूनही त्यांची हिंदी वाईच्या घाटावरच धुतलेली राहिली होती. माथुरसाहेबांना ती निम्मी कळायची, आणि जी निम्मी कळायची तिनेच त्यांना घाम फुटायचा. ते संस्थेचे संचालक. त्यांच्या खिशातला रुमाल सकाळपासून तिसऱ्यांदा बाहेर आला होता.

गाडी म्हणजे एक पांढरी, लांबुडकी व्हॅन. तिच्या पोटात एक्स-रेचं यंत्र. दगड घडवणाऱ्यांच्या वस्त्यांतून फिरायचं, कारागिरांच्या छातीचे फोटो काढायचे आणि कोणाच्या फुप्फुसात दगडाची धूळ बसायला लागली आहे ते वेळेवर सांगायचं, एवढ्यासाठी ती केंद्र सरकारच्या या छोट्या संस्थेला मिळाली होती. संस्था जयपूरच्या झालाना भागात, कुंपणाला लागून जंगल. इथले मोर सरकारी वेळ पाळतात. साडेनऊला ओरडायला लागतात, पाचला थांबतात आणि दुपारी जेवणाच्या सुट्टीत गप्प असतात. जंगलातला बिबट्या आवारात येतो तोही ऑफिस सुटल्यावर. ज्याला खोटं वाटेल त्याने चौकीदाराला विचारावं. मात्र मार्चच्या शेवटी विचारू नये, कारण तेव्हा कोणत्याच सरकारी कचेरीत कोणालाच फुरसत नसते, मोरांनासुद्धा.

आज तीस मार्च होता. उद्या आर्थिक वर्ष संपत होतं. तूट आटोक्यात आणायची म्हणून दिल्लीहून हुकूम सुटला होता: ज्या कामावर खर्च होत नाही ते काम बंद करा, सामान विका, पैसे जमा करा. विक्रीची परवानगी या वर्षापुरतीच होती. म्हणून आज पाहणी आणि उद्या लिलाव. समितीने रिकामी गाडी आतून-बाहेरून पाहून शेरा मारायचा होता. आणि गाडी रिकामी नव्हती. तिच्यात पंच्याहत्तरीचा एक निवृत्त लेखापरीक्षक थर्मास घेऊन बसला होता.

"सर, खाली उतरा," अनुया म्हणाली. अनुया संस्थेची वित्त अधिकारी. शास्त्रीनगरच्या घरी ती वसंतरावांना बाबा म्हणे, कारण ती त्यांची सून होती. ऑफिसच्या फाटकाच्या आत मात्र सर. "हे सरकारी वाहन आहे."

"म्हणूनच बसलोय. खाजगी असतं तर विचारून बसलो असतो."

"माझी नोकरी जाईल."

"जाणार नाही. पोस्ट रिकामी झाली तर ती भरायला मनाई आहे. तुला सोडणं त्यांना परवडणार नाही."

अनुयाने हातातली फाईल छातीशी धरली आणि कडुनिंबाकडे पाहिलं. रागावल्यावर ती असंच करते, हे वसंतराव तेरा वर्षं बघत होते.

आता या सगळ्याचा पत्ता त्यांना लागला होता तो तिच्याकडूनच. सकाळी पोहे खाता खाता ती फोनवर कोणाशीतरी मोठ्याने बोलत होती. पाहणी अकराला आहे, फाटक दहालाच उघडतं, आणि गाडीच्या ड्रायव्हरकडच्या दाराला बाहेरून कुलूप लागत नाही, फक्त आतून कडी लागते. एरवी ही मुलगी घरात ऑफिसचं अवाक्षर काढायची नाही. स्वयंपाकघरात वसंतरावांच्या पत्नी सुनंदाबाई दुधात पीठ मळत होत्या, आणि वसंतराव पेपराच्या आड बसून शब्दन् शब्द टिपत होते. सुनेच्या नकळत तिच्या तोंडून एवढी माहिती काढली म्हणून त्यांनी स्वतःलाच मनातल्या मनात एक बढती देऊन टाकली होती.

माथुरसाहेबांनी निहारला पुढे केलं. "आप भी मराठी हैं. आप समझाइए."

निहार हा काटकसरीचा सल्ला द्यायला नेमलेल्या कंपनीचा माणूस. वय सत्तावीस, पाठीवर काळी सॅक, हातात लॅपटॉप. कुठे किती कापता येईल ते तो आकड्यांवरून सांगत असे, आणि ते बहुतेक वेळा बरोबरही असे.

"नमस्कार काका. मी निहार. मूळचा पुण्याचा."

"पुण्याचा? मग समजवायलाच आला असशील. ऐकायला नाही."

"ऐकतो की. पण काका, तुम्ही ऑडिटमध्ये होतात, तुम्हाला मी काय सांगणार? सरकार करातून मिळवतं त्याच्यापेक्षा जास्त खर्च करतं. मधला फरक कर्जाने भरतं. खर्चाच्या रुपयातले वीसेक पैसे नुसत्या व्याजात जातात. ते उद्या कोण फेडणार? माझी पिढी. कुठेतरी कापायला नको?"

वसंतरावांनी काच आणखी चार बोटं खाली केली. पोरगं बोलण्यासारखं होतं.

"कापायलाच पाहिजे. मी जन्मभर सरकारी खर्चाच्या मागे कुत्र्यासारखा लागलेला माणूस आहे रे. तूट चांगली असं माझ्या तोंडून तू मेलो तरी ऐकणार नाहीस. पण कर्ज काढून विहीर खणली तर ती तूट, आणि कर्ज काढून वरातीत नोटा उडवल्या तरी तीही तूटच. बेरजेत दोन्ही सारख्याच दिसतात. कात्री हातात घेतली आहेस तर आधी बघ, विहीर कापतोयस की वरात."

"ही गाडी विहीर आहे? तीन वर्षं जागची हललेली नाही. खर्च शून्य."

"शून्य का?"

"एक्स-रे काढायला तंत्रज्ञ नाही."

"का नाही?"

"होते ते निवृत्त झाले. पद भरायला मनाई आहे."

"मनाई का?"

निहारने लॅपटॉप या हातातून त्या हातात घेतला. "तूट आहे म्हणून."

"शाबास! तूट आहे म्हणून माणूस नाही. माणूस नाही म्हणून गाडी हलत नाही. गाडी हलत नाही म्हणून खर्च नाही, आणि खर्च नाही म्हणजे गरज नाही, विका. बैलाचे चारी पाय तुम्हीच बांधायचे आणि मग म्हणायचं, मेला बसून खातो!"

"थेंबे थेंबे तळं साचतं, काका. अशा हजार गाड्या असतील देशात."

"मग तळ्याचा बांध जिथे फुटलाय तिथे जा. हे काय करतोयस?" वसंतरावांनी फटीतून बोट बाहेर काढून कडुनिंबाच्या फांदीकडे दाखवलं. उन्हाळा लागला की जयपुरात लोक पाखरांसाठी मातीच्या थाळ्यांत पाणी भरून झाडांना टांगतात. तसा एक परिंडा तिथे लटकत होता आणि त्याच्या काठावर एक चिमणी बसली होती. "तू त्या परिंड्याला मीटर बसवतोयस."

त्याच कडुनिंबाखालच्या कट्ट्यावर बसलेला माणूस खोकला. सगळ्यांनी वळून पाहिलं. खोकला बराच वेळ चालला.

त्याचं नाव चंदन. आमेरकडून बसने आला होता. लाल दगडात जाळी कोरायचा. हॉटेलवाल्यांना लागतात तशा, मोराच्या आणि वेलीच्या. वय चाळिशीच्या आत, पण कट्ट्यावरून उठताना त्याने गुडघ्यावर हात टेकला. गाडी आज आवारात आहे असं त्याला कोणीतरी सांगितलं होतं. ते खोटं नव्हतं.

"यांना मोठ्या दवाखान्यात फुकट काढून मिळेल ना एक्स-रे?" निहारने विचारलं, आणि मग तेच हिंदीत.

"मिलता है साब," चंदन म्हणाला. "एक दिन लाइन का, एक दिन फोटो का, एक दिन रिपोर्ट का. तीन दिन की दिहाड़ी गई. जब तक साँस न अटके, कौन जाए? गाड़ी तो शेड पर आती थी. चाय पीते-पीते फोटो हो जाता था." तो थांबला, श्वास घेतला. "मेरा बड़ा भाई इसी गाड़ी में पकड़ा गया था. पत्थर छोड़ दिया. अब दूध बेचता है. सीढ़ी चढ़ लेता है."

तेवढ्यात माथुरसाहेब बोलले, आणि ते बोलले नसते तर त्यांची दुपार बरी गेली असती.

"देखिए, टैक्स तो ये लोग देते नहीं. और सुविधा सबको दरवाज़े पर चाहिए."

वसंतरावांनी काच पूर्ण खाली केली. गेल्या तासाभरात हे पहिल्यांदाच झालं.

"चंदन, मोबाइल है?"

"है बाउजी."

"रिचार्ज कौन करता है?"

"मैं ही."

"आज सुबह साबुन लगाया?"

चंदन हसला. "लगाया."

"सुनिए माथुरसाहेब. ये आदमी सुबह नहाते-नहाते सरकार को टैक्स देके आया है. आपने आज नहाया कि नहीं, वो आप जानो."

चौकीदार तोंड फिरवून फाटकाकडे बघायला लागला. त्याची पाठ हलत होती.

"पुलिस को बुलाइए," माथुरसाहेब अनुयाला म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते.

"अभी बुलाती हूँ सर," अनुया लगेच म्हणाली. तिने फाईल उघडून पेन त्यांच्यापुढे धरलं. "बस आपका लिखित आदेश चाहिए. बुज़ुर्ग हैं, रिटायर्ड अफ़सर हैं, कल को कोई पूछे तो कागज़ तो होना चाहिए."

माथुरसाहेबांनी पेनाकडे पाहिलं. तेवीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी एकही गोष्ट अशी लिहून दिली नव्हती जी तोंडी सांगून भागत होती. त्यांनी घड्याळ पाहिलं.

"थोड़ा रुकते हैं," ते म्हणाले. मग गाडीकडे वळून, जरा मऊ आवाजात, "वसंतरावजी, शाम को इधर तेंदुआ आता है. मालूम है ना?"

"आने दो. उसको ऊँट वाली कहानी सुनाएँगे."

"कौन सी कहानी?"

हे त्यांनी विचारायला नको होतं. शास्त्रीनगरातल्या दोन गल्ल्या, महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीतली तीन पिढ्यांची पोरं आणि एक दंतवैद्य ही गोष्ट ऐकून म्हातारे झाले होते. वसंतरावांनी थर्मासच्या झाकणात चहा ओतला, एक घोट घेतला आणि बाह्या वर केल्या. निहारसाठी मराठीत आणि बाकीच्यांसाठी हिंदीत, अशी ती दोन चाकांवर निघाली.

"बाडमेरच्या पुढे, जिथे वाळूलासुद्धा तहान लागते, तिथे एका सरकारी चौकीला एक उंट मंजूर होता. कागदोपत्री पद असं: उंटस्वार, उंटासह. उंट म्हातारा झाला, एक दिवस मेला. चौकीवाल्यांनी वर कळवलं. वरून उलट टपालाने विचारणा, मृत्यूचा दाखला कुठे? जनावरांचा डॉक्टर म्हणाला, आधी उंट दाखवा. उंट पुरलेला वाळूत, आणि तिथली वाळू काय, आज इथे तर उद्या पाकिस्तानात. उंट सापडेना. दाखला नाही म्हणजे उंट जिवंत. जिवंत म्हणजे चारा. चाऱ्याची बिलं निघत राहिली. पुढे त्याला महागाई भत्ता लागला. मी तपासणीला गेलो तेव्हा उंट हजेरीपटावर होता. विचारलं, आहे कुठे? म्हणाले, दौऱ्यावर."

चौकीदार आता उघड हसत होता. चंदनही हसला, आणि हसता हसता खोकला.

"मग?" निहारने विचारलं. लॅपटॉप त्याने कधीच गाडीच्या बॉनेटवर ठेवला होता.

"मग काय, मी आक्षेप काढला. चारा बंद. पण उंटाचं हेड, म्हणजे अंदाजपत्रकात त्याच्या नावाची जी ओळ असते ती, बंद करायला दाखला लागत होता आणि तो तर नव्हताच. शेवटी दिल्लीतल्या एका शहाण्याने तोडगा काढला. उंटाच्या नावावर दर वर्षी हजार रुपये ठेवायचे. नाममात्र. टोकन. खर्च करायचे नाहीत, नुसतं नाव जिवंत ठेवायचं. आणि गंमत बघ. काही वर्षांनी त्या चौकीला जीप हवी झाली. नवीन काम म्हणून मागितली असती तर दिल्लीचे उंबरे झिजले असते. पण हेड चालू होतं! जुलैमध्ये पुरवणी मागण्या आल्या, उंटाच्या हजारावर शून्यं चढली, जीप दारात. त्या जीपच्या कागदांवर रंगाच्या रकान्यात अजून लिहिलेलं आहे: उंटासारखा."

निहार मनापासून हसला. जयपुरात आल्यापासून त्याच्याशी मराठीत इतकं कोणी बोललं नव्हतं.

"काका, यातलं खरं किती?"

वसंतरावांनी तोंड उघडलं. उत्तर ठरलेलं होतं, दर वेळी तेच असे: सगळं खरं, फक्त उंट माझा. पण त्यांच्या आधी अनुया बोलली. फाईलची नाडी बांधत, खाली बघत.

"हजार रुपयांचं खरं आहे."

वसंतरावांच्या हातातलं चहाचं झाकण ओठांपाशी थांबलं.

लग्न होऊन आली त्या वर्षापासून या गोष्टीतला उंट मेला रे मेला की अनुया उठायची आणि पाणी आणायला जायची. तिला कंटाळा येतो असं त्यांनी धरून ठेवलं होतं. स्वयंपाकघरातून पुढचं ऐकू येत असेल हे त्यांच्या कधी डोक्यात आलं नव्हतं.

निहारचं हसू हळूहळू कमी झालं. "मॅडम, पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकात या गाडीसमोर शून्य असेल ना?"

"एक हजार आहे."

"ते चुकून राहिलं असेल."

"असेल," अनुया म्हणाली.

"क्या कह रहे हैं?" माथुरसाहेबांनी विचारलं. मराठी त्यांच्या कानांवर सकाळपासून पडत होती, पण ती नुसतीच पडत होती.

"कुछ नहीं सर. उतरने को बोल रही हूँ." ती गाडीकडे वळली आणि आवाज चढवून, अख्ख्या आवाराला ऐकू जाईल असं म्हणाली, "सर, हे बरं नाही! तुम्ही सगळ्यांचा वेळ खाताय!"

आणि ती ऑफिसकडे निघून गेली.

माथुरसाहेब तिच्या मागोमाग गेले. त्यांना सचिवालयात बैठक होती, आणि आज ती असल्याचा त्यांना आनंद झालेला दिसत होता. समितीचे बाकीचे दोघे चहाला गेले आणि सरकारी माणसं तीस मार्चला चहाला जातात तशी गेली, म्हणजे परत आली नाहीत. राहिला निहार. तो बॉनेटला टेकून उभा होता.

"उद्या संध्याकाळपर्यंत गाडी विकली गेली नाही," तो सावकाश म्हणाला, "तर विक्रीची परवानगी संपते."

"असं म्हणतात बुवा."

"आणि परवापासून नवीन वर्ष. हेड चालू. जुलैत पुरवणी मागणी करायची आणि कंत्राटावर तंत्रज्ञ घ्यायचा."

"मला काय विचारतोस? मी उंटाचं सांगत होतो."

"पण काका, हे असं प्रत्येकाने केलं तर तूट कधीच कमी होणार नाही."

"प्रत्येक जण गाडीत बसेल असं वाटतं तुला?" वसंतरावांनी स्टिअरिंगवर हात ठेवला. "अरे, बसून बघ. पाठ मोडते. वरातीसाठी कोणी इतकं बसत नाही."

निहारकडे यावर उत्तर होतं, पण ते बोलून दाखवायच्या आत ऑफिसकडून अनुया येताना दिसली. तिच्या हातात कापडी पिशवी होती. तिने ती खिडकीतून आत सारली.

"हे शेवटचं सांगतेय. जेवा आणि उतरा. आईंनी डबा दिलाय."

"भाजी कसली आहे?"

"मला नाही माहीत," ती म्हणाली आणि थांबली नाही.

वसंतरावांनी पिशवी मांडीवर घेतली. वर एक शाल होती. मार्चअखेरीच्या जयपुरात दुपारी शाल लागत नाही. शालीखाली त्यांची रात्रीची रक्तदाबाची गोळी एका पुडीत, आणि सकाळची दुसरीत. त्याखाली डबा. त्यांनी झाकण काढलं. भाजी नव्हतीच. पांढऱ्या फडक्यात बांधलेली जाड, मऊ चवड होती, शेजारी लसणाची कोरडी चटणी आणि गुळाचा खडा. फडकं सोडल्यावर दुधाचा वास आला.

ते त्या चवडीकडे बघत राहिले. सकाळी पेपराच्या आड हाच वास आला होता, आणि आज कोण कुठे निघालं आहे असं विचारायचं त्यांच्या मनात येऊन राहून गेलं होतं.

"काय आहे?" निहारने वाकून पाहिलं. "दशम्या?"

"घे."

निहारने एक घेतली, चटणी लावून तुकडा मोडला. "आजी करायची. गावाला निघालो की एस.टी.त बसायच्या आधी हातात द्यायची." तो चावत होता. "घरी कधी नाही करायची. म्हणायची, दुधातल्या असतात, दोन दिवस टिकतात, म्हणून..."

तो बोलायचा थांबला. त्याने फडक्यातल्या दशम्या पाहिल्या. एका जेवणाला कोणालाही लागणार नाहीत इतक्या होत्या. मग शाल पाहिली. मग ऑफिसच्या पहिल्या मजल्यावरच्या खिडकीकडे पाहिलं. तिथे अनुया फोनवर कोणाशीतरी हातवारे करून बोलत होती, पाठमोरी.

"चटणी तिखट आहे," तो म्हणाला.

"वाईची आहे," वसंतराव म्हणाले. त्यांनी वाकून पलीकडचं दार उघडलं. "चंदन! इधर आ. बैठ. ऐसी रोटी तेरे जयपुर में नहीं मिलती."

चंदन पलीकडच्या दाराशी आला. पायरीवर एक श्वास घेण्यापुरता थांबला, मग चढून शेजारच्या सीटवर बसला. मागच्या जाळीतून त्याला एक्स-रेचं यंत्र दिसत होतं, हिरव्या कापडाखाली. तो खाताना मधूनमधून मान वळवून तिकडे पाहत होता.

निहारने बॉनेटवर लॅपटॉप उघडला. पाहणीचा शेरा त्यालाच लिहायचा होता. त्याने दोन ओळी लिहिल्या, खोडल्या, परत लिहिल्या. मग हाताला लागलेली चटणी पँटला पुसली आणि वसंतरावांना वाचून दाखवलं: "वाहनात व्यक्ती बसलेल्या असल्यामुळे आज पाहणी होऊ शकली नाही."

"व्यक्ती?" वसंतराव म्हणाले. "किती?"

निहारने आत पाहिलं. "दोन लिहू?"

"दो लिखो साब," चंदन म्हणाला. त्याला मराठी येत नव्हती, पण आकडे सगळीकडे सारखेच असतात.

"तेरी बस?" वसंतरावांनी त्याला विचारलं.

"निकलने दो."

निहारने दोन लिहिलं. लॅपटॉप मिटताना तो म्हणाला, "काका, उद्या सकाळी मी येईन. समितीबरोबर यावं लागेल. आल्यावर मी तुम्हाला उतरायला सांगणार."

"सांग ना. जोरात सांग. येताना बिनसाखरेचा चहा आण."

पाचला मोर थांबले. ऑफिसातली माणसं बाहेर पडली, स्कूटर चालू झाल्या, कोणी गाडीकडे पाहून हात केला, कोणी बघायचं टाळलं. माथुरसाहेब बैठकीहून परतले होते. त्यांनी मोटारीची काच खाली करून लांबूनच विचारलं,

"उतरते हैं कि नहीं?"

"नहीं उतरता!"

"मैडम, आपने समझाया नहीं?"

"दिन भर यही किया सर," अनुया म्हणाली. ती पर्स खांद्याला लावून पायऱ्या उतरत होती. "आप निकलिए. मैं एक बार और देखती हूँ."

मोटार फाटकाबाहेर गेली. चौकीदार कुंपणाच्या बाजूचा दिवा लावायला गेला. आवार रिकामं झालं तशी अनुया खिडकीपाशी आली आणि उभी राहिली. पलीकडच्या सीटवर चंदनने हात जोडले, तिने मान हलवली. डब्याचं फडकं परत बांधलेलं होतं आणि त्यात अर्ध्याहून जास्त दशम्या शिल्लक होत्या, हे तिने पाहिलं.

"बाबा," ती म्हणाली. फाटकाच्या आत हा शब्द तिने कधी वापरला नव्हता. "उतरणार नाही ना?"

"नाही."

"मग कडी नीट लावा. बिबट्या येतो म्हणतात."